वाटाड्या चुकला, की साहेब?

इंग्रज साहेबांनी लिहिलेल्या शिकारकथा ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना एक पात्र हमखास भेटले असेल. ते म्हणजे साहेबाच्या चार पावले पुढे चालणारा वाटाड्या. एका प्रकरणात तो मोठा जाणता असतो. वाळलेल्या पाचोळ्यावरून जनावर केव्हा गेले, भरल्या पोटी गेले की उपाशी, हे तो वाकून पाहताच सांगतो. चार पाने उलटावीत तो तोच माणूस भित्रा, खोटारडा आणि मंदबुद्धी ठरलेला असतो. शिकार साधली म्हणजे नेम साहेबाचा, आणि हुकली म्हणजे चूक वाटाड्याची, असा त्या ग्रंथांचा सर्वसाधारण हिशेब आहे. तो तसा असावा यात नवल नाही. लेखणी साहेबाच्या हाती होती. वाटाड्याच्या हाती फार तर कुऱ्हाड होती.

आज ज्याला आपण जालना जिल्हा म्हणतो, तो १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख निजामाचा होता आणि जालना येथे लष्करी छावणी होती. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांचा फावला वेळ शिकारीत जाई. माळावर काळविटांचे कळप होते, नदीकाठच्या शिंदीच्या बनांत रानडुकरे होती, आणि उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरात वाघ व बिबटे होते. यांपैकी एकाही जनावरापर्यंत साहेबाला एकट्याने पोचता येत नसे. खबर आणणारा गावचा, वाट दाखवणारा गावचा, हाका घालणारेही गावचेच. तेव्हा शिकारीचा इतिहास हा खरे पाहता दोन माणसांमधील बोलण्याचा इतिहास आहे. आणि त्या बोलण्यात किती प्रकारे घोटाळा होऊ शकतो, हे पाहिले म्हणजे शिकार साधत होती हेच आश्चर्य वाटू लागते.

प्रथम वाटाड्या कसा मिळे ते पाहू. फौज असो की शिकारी साहेब, मुक्काम पडला की पाटलाकडे निरोप जाई, आणि पाटील गावकामगारांपैकी एकाला पुढे उभा करी. बहुधा हे काम महारांकडे असे. गावची शीव कोणत्या बांधावरून कोणत्या ओढ्याला मिळते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसे. शिवेचा तंटा उभा राहिला तर त्यांचीच साक्ष निर्णायक मानीत. पाहुण्याला पुढल्या गावच्या शिवेपर्यंत पोचवावयाचे, तेथल्या माणसाच्या हवाली करावयाचे आणि परतावयाचे, अशी ही रीत होती. तिला सेवा म्हणा की वेठ म्हणा. नाही म्हणण्याची सोय तीत नव्हती.

या रीतीतच घोटाळ्याचे बीज होते. त्या माणसाचे ज्ञान आपल्या शिवेच्या आत बोटाच्या पेराइतके अचूक, आणि शिवेपलीकडे ऐकीव. साहेबाच्या लेखी मात्र तो सगळ्या मुलखाचा जाणकार. ‘हा इथलाच आहे’ एवढ्यावर साहेबाचे समाधान होई. ‘इथला’ म्हणजे नेमका किती कोसांपर्यंतचा, हे विचारण्याचे कुणाला सुचत नसे.

आणि कोस तरी कोणता? दक्षिणेतला कोस साधारण दोन मैलांचा धरीत, पण तो गावोगाव लांब-आखूड होई. शेतकऱ्याचे अंतर बैलाच्या चालीने मोजलेले असते, गुराख्याचे हाकेने. ‘हे काय, पलीकडेच’ हे उत्तर आम्हीही या भागातील खेड्यांची वाट पायी तुडवताना अनेकदा ऐकले आहे. त्या ‘पलीकडे’मध्ये अर्धा मैल बसतो आणि पाच मैलही बसतात. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याला पुढे चालून जायचे असते तेव्हा पाच मैल खरोखरीच पलीकडे असतात.

भाषेची अडचण याहून मोठी. साहेब हिंदुस्थानी शिकून परीक्षा दिलेला असे. छावणीतले नोकरचाकर व शिपाई दखनी बोलत. खेड्यातला माणूस मराठी बोले, आणि डोंगरातला भिल्ल त्याची स्वतःची बोली. एक साधे वाक्य साहेबाच्या कानी पडेपर्यंत तीन तोंडांतून फिरून येई. लॅटिनमध्ये दुभाष्याला ‘इंटर्प्रेस’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ सौद्यातील मध्यस्थ असाही आहे, हे सेमिनरीत शिकताना आम्हाला गमतीचे वाटले होते. पुढे कळले की त्यात गंमत काही नाही. मध्यस्थ हा दोन्हीकडे आपले थोडे थोडे काढूनच घेतो.

शब्दांचेच पाहा. ‘वाघ’ या मराठी शब्दाने साहेब पट्ट्यापट्ट्यांचा ढाण्या वाघ समजे. खेडूत मात्र बिबट्यालाही वाघच म्हणतो, आजही म्हणतो. वाघोबाच्या ठाण्याला शेंदूर लावताना तो दोन जातींत भेद करीत नाही. वाघाची खबर मिळाली म्हणून दोन दिवसांची मजल मारून गेलेल्या साहेबाच्या पुढ्यात बिबट्या आला, तर फसवणूक कुणी केली? त्यातून रात्रीच्या वेळी वाघाचे नाव घ्यावयाचे नाही असा अनेक ठिकाणी संकेत. मग तो नुसता ‘जनावर’ होतो. परंतु सापालाही रात्री जनावरच म्हणतात, आणि गोठ्यातल्या बैलालाही जनावरच. ऐकणाऱ्याने प्रसंग, आवाज आणि चेहरा यांवरून अर्थ लावायचा असतो. घरचा माणूस तो लावतो. परका शब्दकोश उघडतो.

हाक्याच्या शिकारीत तर शब्दाची वेळही महत्त्वाची. साहेब मचाणावर बसलेला. दोन्ही बाजूंना झाडांवर माणसे बसवलेली, वाघ फुटून जाऊ लागला तर त्यांनी खोडावर हलकेच टकटक करून त्याला पुन्हा रांगेत आणायचे. आणि समोरून पन्नास-शंभर हाकारे ढोल वाजवीत, आरडत येणार. टकटक जरा मोठी झाली तर वाघ उलटा फिरून हाकाऱ्यांवर जातो. बंदुकीचा बार ऐकून हाकारे समजतात की काम झाले, आणि मोकळेपणाने पुढे येतात. तेथे वाघ जखमी होऊन झुडपात दबा धरून असतो. अशा वेळी मरण पावला तो बहुतेक वेळी हाकारा. मचाणावरच्या माणसाला आपल्या चुकीची आठवण लिहून काढण्यास आयुष्य उरत असे.

यावर उपाय नव्हता असे नाही. खानदेशात जेम्स आउट्रम नावाचा तरुण अधिकारी १८२५ साली आला. वय अवघे बावीस. भिल्लांचे बंड शमवण्यासाठी त्यांचीच पलटण उभारावी अशी कामगिरी त्याच्याकडे होती, आणि फौजेला भिऊन डोंगरात शिरलेले लोक खाली येईनात. आउट्रम जवळजवळ एकटाच त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्या बरोबर वाघांच्या मागावर हिंडला, आणि मूठभर भिल्लांपासून सुरुवात करून त्याने धरणगावला पलटण उभी केली. शिकारीचे त्याला वेड होते हे खरेच. पण वाटाड्याचे बोलणे वाटाड्याच्याच तोंडून ऐकण्याची त्याची तयारी होती. हे धोरण ज्यांच्या कारकिर्दीत आखले गेले ते मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. एल्फिन्स्टन यांना वाटाड्याच्या शब्दाची किंमत बावीस वर्षे आधीच कळली होती, आणि ती आपल्याच जिल्ह्यात, असई गावी. तेच प्रकरण वाचकांपुढे ठेवावे असा आमचा हेतू आहे. शिकारीची प्रस्तावना त्यासाठी. दख्खनच्या शिकारीवर १९२८ साली ग्रंथ लिहिणारे हैदराबाद कंटिन्जंटचे अधिकारी आर. जी. बर्टन यांनीच त्याआधी, १९०८ साली, वेलिंग्टनच्या हिंदुस्थानातील मोहिमांवरही ग्रंथ लिहिला होता. दोन्ही विषय एका लेखणीखाली आले हा निव्वळ योगायोग नसावा. दोन्हींत एक परका माणूस अनोळखी रानात सावज शोधतो, आणि सावज कोठे आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.

१८०३ सालचा पावसाळा. वसईच्या तहाने दुसरे बाजीराव इंग्रजांच्या पंखाखाली गेले होते, आणि दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांनी इंग्रजांशी युद्ध मांडले होते. ऑगस्ट महिन्यात आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात आल्या, त्यांनी जालना घेतले. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने ते परत घेतले. त्यानंतर तीन आठवडे मराठ्यांचे घोडदळ पुढे आणि इंग्रज मागे, असा पाठलाग चालला. हीच ती शिकार.

२१ सप्टेंबर रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथे भेट झाली. आज जालन्याहून औरंगाबादकडे, म्हणजे सध्याच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाताना हे गाव लागते. बातमी अशी होती की शत्रू भोकरदनला आहे. दोघांनी दोन वाटांनी निघावयाचे, स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून आणि वेलस्लीने पूर्वेकडून. आणि २४ तारखेच्या सकाळी दोघांनी मिळून भोकरदनला शत्रूवर पडावयाचे, असा बेत ठरला.

बातमी आणली हरकाऱ्यांनी. हरकारा म्हणजे केवळ जासूद नव्हे. तो निरोप्या, हेर आणि वाटाड्या, तिन्ही. वेलस्ली त्यांच्यावर आंधळेपणाने विसंबत होता असेही नाही. हरकाऱ्यांच्या टोळ्या तो एकमेकींपासून अलग ठेवी आणि त्यांचे वृत्तांत ताडून पाही. मराठ्यांच्या घोडदळाने सारा मुलूख व्यापला असल्यामुळे गोरा अधिकारी पुढे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत नव्हता. तेव्हा हरकाऱ्यांचे डोळे हेच त्याचे डोळे.

२३ तारखेस दुपारच्या आधी वेलस्ली नळणी गावी पोचला. त्याच्या अंदाजाने शत्रू अजून बारा-चौदा मैलांवर होता. तेथे त्याला कळले की तो पाच-सहा मैलांवरच आहे. शिवाय घोडदळ निघून गेले असून पायदळही निघण्याच्या बेतात आहे, अशीही खबर मिळाली. सावज निसटते आहे या कल्पनेने त्याने स्टीव्हन्सनची वाट न पाहता चाल करण्याचे ठरवले. पुढे जाऊन टेकाडावरून पाहतो, तो केळणा नदीच्या पलीकडे सारी फौज पसरलेली: पोहलमन नावाच्या जर्मनाच्या हाताखालची कवायती पलटणे, शंभरावर तोफा आणि हजारो घोडेस्वार. वेलस्लीच्या स्वतःच्या पलटणांत साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती, आणि सोबत म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळ.

मग हरकारे खोटे बोलले होते काय? याचे उत्तर खुद्द वेलस्लीनेच दिले आहे. १ नोव्हेंबर १८०३ रोजी टॉमस मन्रो यांस लिहिलेल्या पत्रात तो या लढाईची हकीकत सांगतो. मराठ्यांची छावणी नदीकाठाने मैलोगणती पसरली होती. तिची उजवी बाजू भोकरदनला, आणि त्या परगण्याचे नावही भोकरदनच. परंतु ज्या पायदळावर त्याला हल्ला करावयाचा होता ते डाव्या बाजूस, असईला, भोकरदनपासून सहा ते आठ मैलांवर होते. हरकारा म्हणाला ‘भोकरदनात’. सेनापतीने ऐकले ‘भोकरदन गावी’.

या भागात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला यात काहीच नवल वाटणार नाही. मुंबईच्या गाडीत एखाद्याला विचारावे, ‘कुठले तुम्ही?’ तो सांगतो, ‘भोकरदनचे’. मग पुन्हा विचारावे, ‘भोकरदनमध्येच का?’ तेव्हा कळते की गाव दहा मैल आत आहे. परक्यास आपल्या वाडीचे नाव सांगून काय उपयोग, असा त्यामागे समजूतदारपणाच असतो. आणि हे नाव तर दोन हजार वर्षांचे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनाचा उल्लेख आहे. पुराणांतील जनपदांच्या याद्यांत भोगवर्धन येते. म्हणजे गावाला आणि मुलखाला एकच नाव असण्याची सवय या भूमीला वेलस्लीच्या आजोबा-पणजोबांच्याही फार आधीपासून होती. सेनापतीने आणखी एकच प्रश्न विचारावयाचा होता: ‘भोकरदन कसबा, की परगणा?’ तो विचारण्यास त्याच्या भाषेत जागा नव्हती.

नदीकाठी दुसरा घोटाळा झाला. समोरच्या उतारावर शत्रूच्या तोफा रोखलेल्या. दुसरा उतार जवळपास आहे काय, असे वाटाड्यांना विचारले. नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तो खालच्या अंगास दोन गावे दिसली, एक अलीकडे पिंपळगाव आणि एक बरोबर पलीकडे वरूड. नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर वस्ती होते, त्या अर्थी येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असे त्याने ताडले आणि आपल्या इंजिनियर अधिकाऱ्यास पाहण्यास पाठवले. उतार निघाला. सारी फौज तेथून पार झाली. पुढे म्हातारपणी क्रोकर नावाच्या मित्राशी बोलताना वेलिंग्टनने हा प्रसंग आवर्जून सांगितला, आणि तेव्हापासून इंग्रजी ग्रंथांत तो त्याच्या प्रतिभेचा दाखला म्हणून येतो.

ताडले ते निःसंशय हुशारीने. सोयरीक, बाजार, गुरे, देऊळ यांसाठी माणसे नदी ओलांडतात, एवढी माणसांची ओळख त्याला होती. परंतु वाटाड्यांनी ‘नाही’ का म्हटले असावे, याचा विचार त्या ग्रंथांतून फारसा आढळत नाही. आमचे मत असे की प्रश्न आणि उत्तर यांत दोन वेगळे उतार होते. गुडघाभर पाण्यातून धोतर वर खोचून जाणाऱ्या माणसाचा उतार वेगळा. भरल्या गाडीचा वेगळा. तोफा बैलांनी ओढायच्या, भाद्रपदात नदीला पाणी, काठ उभे चिखलाचे. अशा वेळी शहाणा शेतकरी ‘उतार नाही’ असेच सांगेल, कारण गाडी रुतली तर शिव्या त्यालाच. शिवाय ते वाटाडे पिंपळगावचे होते, की मागल्या कुठल्या शिवेवरून सोबत ओढून आणलेले? आणि दोन फौजांच्या मध्ये उभे राहून ‘आहे, चला दाखवतो’ म्हणण्याची हौस कुणाला असणार? ज्या गावातून फौज पार होते त्या गावाचे पुढे काय होते, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते.

लढाईची साद्यंत हकीकत सांगण्याचे हे स्थळ नव्हे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती झाली. उतारावरच वेलस्लीच्या शेजारील स्वाराचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले. मराठ्यांच्या कवायती पलटणांनी, इंग्रजांना वाटले होते त्याच्या उलट, भराभर तोंड फिरवून नवी फळी धरली आणि गोलंदाज तोफांपाशी मरेतो उभे राहिले. संध्याकाळी मैदान वेलस्लीच्या हाती आले, ९८ तोफा सापडल्या. त्याची ४२८ माणसे मेली होती, अकराशेंहून अधिक जखमी झाली होती. मराठ्यांचे सुमारे बाराशे लोक तेथेच पडले असा अंदाज आहे.

या हानीचा मोठा हिस्सा एका चुकीमुळे झाला, आणि ती चूक वाटाड्याची नव्हती. उजव्या टोकाची तुकडी कर्नल ऑरॉककडे होती. त्याने असई गावापासून दूर राहावयाचे होते. हुकूम नीट न उमजून तो नेमका असईच्याच रोखाने गेला; मागून ७४ वी पलटण गेली; आणि गावातील तोफांनी दोहोंची दाणादाण उडवली. हुकूम देणारा इंग्रज, घेणारा इंग्रज, भाषा इंग्रजी, मध्ये दुभाष्या नाही. तरीही शब्द चुकला. मन्रोला लिहिलेल्या त्याच पत्रात वेलस्ली याविषयी म्हणतो की या अधिकाऱ्याला दोष देण्याची आपली इच्छा नाही. त्याच्या चुकीच्या परिणामाचे दुःख आहे, परंतु इतक्या भयंकर माऱ्यात माणसे नेणे दुसऱ्या कुणाला साधले नसते. सेनापतीच्या मनाचा हा मोठेपणा आम्ही मानतो.

आता स्टीव्हन्सनकडे वळू. पश्चिमेकडील वाटेवर असताना त्याला तोफांचे आवाज ऐकू आले. तो निघाला, परंतु असईला पोचला तो २४ तारखेच्या संध्याकाळी, लढाई संपून एक अख्खा दिवस लोटल्यावर. मध्यंतरी तो कोठे होता? त्याचा वाटाड्या त्याला आधी भोकरदनला घेऊन गेला होता. या माणसाने आपल्याला मुद्दाम भलतीकडे नेले असा स्टीव्हन्सनला संशय आला, आणि त्याने त्या वाटाड्याला फासावर लटकावले, असे इतिहासग्रंथांत नमूद आहे.

त्या माणसाचे नाव ग्रंथांत नाही. दोन ओळींत तो येतो आणि जातो. परंतु त्या दोन ओळींपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो आहोत.

बदनापूरला बेत काय ठरला होता? शत्रू भोकरदनला आहे, आणि भोकरदनला जावयाचे आहे. स्टीव्हन्सनच्या फौजेला वाट दाखवण्यास धरून आणलेल्या माणसाला निघताना काय सांगितले गेले असेल? ‘भोकरदन’ हाच एक शब्द. त्याने ते दाखवले. तेवढ्यात पूर्वेकडून तोफा ऐकू आल्या, साहेबाच्या मनातले ठिकाण बदलले. ते बदललेले ठिकाण वाटाड्याच्या कानापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत, कितपत पोचले? ‘तोफांकडे चल’ हे दुभाष्याच्या तोंडून ‘फौजेकडे चल’ असे आले असेल, तर फौज कोठे आहे हे त्याला आधीच सांगून ठेवलेले होते: भोकरदनला.

त्याने जाणूनबुजून फसवले असणेही अशक्य नाही. शिंदे हे त्याच्या लेखी परके नसतील. रात्री फौज भलत्या वाटेला लावून एखाद्याने आपल्या परीने लढाई लढली असेल, तर तिलाही नाव दिले पाहिजे. पण मग तो त्याच फौजेबरोबर राहिला कशाला? ज्याला फसवायचे असते तो वाटाड्या अंधारात नाल्यात उतरतो आणि पुन्हा दिसत नाही. शिकारीच्या पुस्तकांत अशी तक्रार जागोजाग आहे. हा माणूस सापडण्यासाठी थांबला. आमचे मन त्याच्या निर्दोषपणाकडे झुकते ते एवढ्यामुळे.

दोन दिवसांत, पाच-सात कोसांच्या टापूत, एकाच प्रकारची चूक तिघांच्या हातून झाली. सेनापतीने ‘भोकरदन’चा अर्थ चुकीचा घेतला, ती हरकाऱ्यांच्या बातमीची चूक म्हणून नोंदली गेली. कर्नलने हुकूम चुकीचा घेतला. त्याच्या धैर्याची वाखाणणी झाली. वाटाड्याने फौज भोकरदनला नेली, त्याला फाशी. ही तुलना करताना वेलस्ली किंवा स्टीव्हन्सन यांना आजच्या न्यायासनापुढे उभे करण्याचा आमचा हेतू नाही. युद्धात संशयित वाटाड्याला मारण्याची चाल सर्वच फौजांत होती. परंतु जो ग्रंथकार ऑरॉकच्या चुकीची कारणे पानभर शोधतो, तो या माणसासाठी एक ओळही शोधत नाही, हे मात्र खटकते. साहेबाच्या शिकारकथेतला हिशेब रणांगणावरही तोच, एवढे यावरून दिसते.

स्टीव्हन्सन पुढे ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड घेऊन आला. नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि वर्ष संपता संपता देवगाव व सुर्जी अंजनगाव येथे तह झाले. प्रत्येक मजलेला नवी शीव आणि नवा वाटाड्या. असईचे नाव इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर हत्तीच्या चित्रासह चढले.

जखमी मात्र मागे राहिले. अकराशेंवर माणसांना डोल्यांतून आणि गाड्यांतून हलवावयाचे होते. त्यांच्यासाठी इस्पितळ उभारले ते अजिंठा गावच्या तटबंदीच्या आश्रयाने. तेथून वाघूर नदीच्या वळणावरची लेणी काही मैलांवर. गोरे सर्जन, अधिकारी, शिपाई त्या गावात मुक्कामाला होते; पाणी आणणारे, लाकूड आणणारे, वैरण आणणारे लोक त्याच डोंगरातले. तेथल्या गुराख्यांना लेणी ठाऊक होती. पावसात त्यांचा आडोसाच होता.

इंग्रजी दप्तरात लेण्यांची वार्ता येते ती त्यानंतर सोळा वर्षांनी. मद्रास फौजेच्या २८ व्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीसाठी त्या दरीत आला. एका गुराख्याच्या मुलाने त्याला कड्यातील कमान दाखवली, असे परंपरा सांगते. दहाव्या लेण्यातील खांबावर, रंगविलेल्या बुद्धाच्या अंगावर, त्याने आपले नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली आहे: २८ एप्रिल १८१९. मुलाचे नाव त्या खांबावर नाही.